नाव न घ्यायचा मणी

१

सिंधुच्या दोन वेण्या घालायला मला सकाळी सात मिनिटं लागायची. आठ वर्षांची पोर, केस कमरेपर्यंत, आणि जागेवर मिनिटभर ठरेल तर शपथ! डावी वेणी घालेपर्यंत हिचा हात माझ्या मोबाईलवर, उजवी घालताना डावीची रिबन हिच्या दातात. "सिंधु, सरळ बस," म्हणून ओरडलं की म्हणायची, "आले, आई." अगं, बसलीच आहेस ना समोर, आले काय? पण हाक आली की 'आले' म्हणायचं, एवढं एकच वळण मी तिला लावू शकले होते. रागात असले की सिंधु, लाडात असले की चिमणे. उत्तर दोन्हींना तेच.

हे आधी सांगून ठेवते, कारण माझं जे काही झालं ते या दोन हाकांमध्येच झालं.

मी गीतांजली. लातूरच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर प्राणिशास्त्र शिकवते. अकरा वर्षं झाली तरी स्टाफरूममध्ये माझी स्वतःची खुर्ची नाही. नवरा व्यंकटी किनवटकडच्या आश्रमशाळेत शिक्षक, पंधरा दिवसांतून एकदा येतात. घरात मी आणि पोर.

शिकवणं हे पोटासाठी. माझं खरं काम गांधीलमाश्यांचं. हे सांगितलं की लोक पहिलं विचारतात, "चावत न्हाईत का हो मॅडम?" मेलेल्या कशा चावतील! आणि माझ्या तर कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या. झाडाच्या चिकात अडकलेल्या. चीक वाळला, गाडला गेला, त्याचा मधाच्या रंगाचा दगड झाला आणि माशी आत तशीच राहिली. इंग्रजीत अंबर म्हणतात, आपल्याकडची जुनी माणसं कहरुबा म्हणतात. अशी माशी मायक्रोस्कोपखाली धरायची आणि ओळखायची. त्यासाठी एक लांबलचक प्रश्नावली असते, तिला आम्ही चावी म्हणतो. प्रत्येक पायरीवर दोन पर्याय. पंखात ही शीर आहे की नाही? असेल तर पुढच्या पायरीला जा, नसेल तर त्या पायरीला. जात जात शेवटी नावापाशी पोचायचं.

रोज दुपारी प्रॅक्टिकल संपलं की दोन ते पाच मी हेच करत असे. आयुष्यात तेवढे तीन तास माझे होते.

२

तो मणी नांदेडहून आला. उजमा नावाची माझी विद्यार्थिनी होती, तिचे वडील नजीरभाई इतवाऱ्यात खडे घासून पॉलिश करतात. अंगठ्यांचे नग, तसबीचे, म्हणजे जपमाळेचे, मणी. तिनं एकदा मोबाईलवर फोटो दाखवला. आजोबांच्या काळातली, रंगूनहून आलेली कहरुब्याची तसबी, आणि तिच्या एका मण्यात माशी. फोटो पाहिला आणि त्याच रविवारी मी एसटीत बसले.

नजीरभाई शांत माणूस. दुकान म्हणजे जिन्याखालची एक खोली, त्यात घासायचं चाक, पाण्याचं टमरेल, भिंतीला पांढरी धूळ. मागच्या खोलीत त्यांची बायको बानोभाभी. त्यांनी चहा दिला. नजीरभाईंनी माझ्यासमोर दोरा सोडवला, तो मणी काढून माझ्या हातावर ठेवला आणि त्या जागी दुसरा ओवला.

"आमच्यात ह्यो दाणा मोजत नव्हते मॅडम," ते म्हणाले. "बाकी दाण्यांवर नाव घ्यायचं. ह्यो आला की गप सरकवायचा. दादीनं तसं शिकवलं."

"का बरं?"

"विचारलं न्हाई कधी. तुम्ही काय करणार ह्याचं?"

"ओळखणार. कोणती माशी आहे ते."

"ओळखा की. कॉलेजात ठेवून घेतला तरी चालंल. फक्त त्याच्यावर नाव नका घेऊ कुणाचं."

मी हं म्हटलं. समोरच्या माणसाला बरं वाटावं म्हणून आपण म्हणतो तसं.

३

पाच महिने लागले. ओल्या पॉलिश पेपरवर मण्याची एक बाजू सपाट करायची, अगदी हलक्या हातानं, नाहीतर माशीपर्यंत ओरखडा जातो. मग ग्लिसरीनचा थेंब आणि काच. पहिल्यांदा नीट दिसली तेव्हा माझ्या तोंडातून "अगं बाई!" एवढंच निघालं. चार मिलिमीटरची, पंख अर्धे मिटलेले, एकेक शीर मोजून घ्यावी अशी. मिशांना बारा पेरं, म्हणजे मादी. गांधीलमाशीच्या पुढच्या पायाला एक बारीक कंगवा असतो, त्यातून ती आपली मिशी ओढून साफ करते. ही नेमकी तेच करताना अडकली होती. पाय वाकलेला, डावी मिशी कंगव्यात निम्म्यापर्यंत ओढलेली.

वेणी घालता घालता गेली बिचारी, मी मनात म्हटलं. आणि मला सकाळची सिंधु आठवली, दातात रिबन धरलेली.

चावीच्या एकोणिसाव्या पायरीवर गाडी अडली. दोन्ही पर्याय लागू होईनात. मी तीन वेळा पहिल्यापासून सुरुवात केली. मग बसून राहिले. ही माशी आजवर कुणी पाहिलेली नव्हती. तिला नाव मी द्यायचं होतं.

नव्या जातीला जिवाभावाच्या माणसाचं नाव द्यायची आमच्यात पद्धत आहे. कुणी गुरूचं देतं, कुणी बायकोचं. मी सिंधुचं दिलं. लॅटिन शेपूट लावलं की सिंधुई. सिंधु हे माझ्या सासूबाईंचंही नाव. पोर व्हायच्या महिनाभर आधी त्या गेल्या, म्हणून त्यांचं नाव पोरीला आलं. गेलेल्याचं नाव जन्मलेल्याला द्यायचं, यात आपल्याला काही वावगं वाटत नाही. मलाही वाटलं नाही.

आमचा एक नियम इथं सांगायला हवा. जातीचं नाव हवेत राहत नाही, ते एका नमुन्याला बांधलेलं असतं. नाव ज्याचं आहे तो म्हणजे तो एक नमुना. बाकीच्या माश्या त्याच्यासारख्या आहेत म्हणून त्यांनाही ते नाव. हा नियम मी वर्गात दरवर्षी शिकवते.

डिसेंबरात माझा शोधनिबंध छापून आला. दुपारचे पावणेचार होते. लॅबमध्ये मी एकटी. कुणाला सांगू, कुणाला नको असं झालं, पण सांगणार कुणाला? व्यंकटींचा फोन रेंजच्या बाहेर, विभागप्रमुख जिल्हा परिषदेत. मग मी तो मणी उचलला. आपल्याकडे बारशाला आत्या बाळाच्या कानाशी वाकून 'कुर्रर्र' करते आणि नाव सांगते. सिंधुच्या बारशाला नणंदेनं तेच केलं होतं. मी मण्यावर वाकले, ओठ टेकतील इतकी जवळ, आणि म्हटलं, "कुर्रर्र... सिंधु."

आणि एकटीच हसले. नजीरभाईंचं बोलणं आठवलंसुद्धा नाही. आठवलं असतं तरी मी केलं असतं, तेव्हा मला कसला तोरा होता!

४

पेढे घेऊन घरी आले. पोर खिडकीत बसून चित्र रंगवत होती.

"सिंधु, बघ काय आणलंय."

तिनं मान वर केली नाही. मी पुन्हा हाक मारली. तिसऱ्यांदा मारली. मग जाऊन खांदा हलवला. "बहिरी झालीस का गं? केव्हाची ओरडून राहिले मी!"

तिनं माझ्याकडे पाहिलं, अगदी सरळ. "कुणाला बोलवत होतीस?"

मी म्हटलं, नाटकं. पेढ्याचा पुडा ठेवून स्वयंपाकघरात गेले. तिथून सहज म्हटलं, "चिमणे, हात धुऊन ये."

"आले, आई."

दुसऱ्या दिवशी शाळेतून बाईंचा फोन. हजेरीला ओ देत नाही म्हणे, नाव घेतलं तर दुसरीकडेच बघते. मी कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तिला यंत्राला जोडलं, बारीकातल्या बारीक आवाजाला तिनं बटण दाबलं. मग ते तिच्या मागे उभे राहून कुजबुजले, "चॉकलेट." ती वळली. "सिंधु." ती समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसली. डॉक्टर हसले. "कान ठणठणीत आहेत. पोरगी खेळ करून राहिली तुमच्याशी."

घरी आल्यावर मी तिच्यापुढे नवी वही ठेवली. म्हटलं, नाव लिही. तिनं 'कु.' लिहिलं, टिंब दिलं, आणि पेन्सिल तशीच धरून राहिली.

"लिही ना पुढे!"

"पुढे काय असतं?"

मी तिला मारलं. खोटं कशाला बोलू, सणसणीत ठेवून दिली गालावर. ती रडली आणि माझ्याच कुशीत शिरली. मग मीही रडले. तेव्हा मला राग आला होता असं मला वाटत होतं. ती भीती होती.

५

मणी पुण्याच्या संग्रहालयात पाठवायचा होता. नमुना सगळ्यांना बघता यावा असा ठेवावा लागतो. कुरिअर करण्याआधी एक शेवटचा फोटो घ्यावा म्हणून मी तो मायक्रोस्कोपखाली ठेवला.

कंगव्यात उजवी मिशी होती.

हे बघा, मी काही भाबडी बाई नाही. मी आधी माझीच चूक शोधली. फोटो उलटा छापला गेला असेल. चित्र काढताना मायक्रोस्कोपच्या आरशामुळे डावं-उजवं झालं असेल. मणी मी पालथा ठेवला असेन. म्हणून मी दोऱ्याचं भोक पाहिलं. जुन्या फोटोत भोक माशीच्या डाव्या अंगाला, आजही डाव्याच अंगाला. म्हणजे मणी तसाच होता. मी डोळे चोळले, पाणी प्यायले, परत पाहिलं. डावी मिशी साफ होऊन सरळ झाली होती. आता उजवीचं चाललं होतं.

माझ्या हातून चित्र काढतानाच घोटाळा झाला, असं मी वहीत लिहिलं. लिहिलं आणि मणी रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकला. कुरिअरचं दुकान घराजवळच होतं. पण ते बंद होऊन गेलेलं, म्हणून मणी घरी आला.

साडेसहाला ताटं घेतली. सवयीनं ओरडले, "सिंधु, पाणी घे गं!"

पर्स खुंटीला होती. तिच्यातून आवाज आला, "कुर्रर्र."

कंगव्याच्या दातांवरून कुणी नख फिरवावं तसा. इतका बारीक की फ्रिज चालू असता तर ऐकूही आला नसता. मोबाईल माझ्या हातात होता, म्हणजे तो नव्हे. पोर माझ्यासमोर बसून भाकरीचा पापुद्रा काढत होती, तिनं काही ऐकलं नव्हतं.

मी हळूच म्हटलं, "चिमणे." "आले, आई," पोर म्हणाली. पर्स गप्प.

"मीना." कुणीच नाही. "शांता." कुणीच नाही.

"सिंधु."

"कुर्रर्र."

मी पर्स उचलून बाल्कनीत ठेवली, दार लावलं, पडदा ओढला. तेवढ्यात व्यंकटींचा फोन आला. मी घाबरून स्पीकरच दाबला. "काय करून राहिले सगळे?" ते मोठ्यानं म्हणाले. "सिंधु कुठाय माझी? सिंधु! ए सिंधु!"

प्रत्येक हाकेला बाल्कनीतून उत्तर आलं. तिसरं जरा मोठं होतं.

"अहो, तिचं नाव घेऊ नका," मी म्हटलं.

"काय?"

"तिचं नाव घेऊ नका! पाया पडते तुमच्या!"

ते म्हणाले, "गीता, तू जागरणं कमी कर." मी फोन ठेवला. त्यांना काय सांगायचं होतं? मी काय केलं ते मलाच तोंडानं म्हणवत नव्हतं.

६

मी संपादकांना लिहिलं, नाव मागे घ्यायचंय. त्यांचं उत्तर सभ्य होतं. छापलेलं नाव मागे घेता येत नाही. नमुना हरवला, जळाला तरी नाव राहतं. त्याच माशीला आधी कुणी दुसरं नाव दिलं असेल तरच आपलं नाव बाद होतं. मला हे माहीत नव्हतं का? परीक्षेत यावर पाच गुणांचा प्रश्न मीच काढते.

त्या आठवड्यात पोर बदलत गेली. आजारी नव्हती, खात होती, पित होती. पण शेजारची बाई दारात येऊन मला म्हणाली, "एकट्याच का मॅडम आज?" आणि पोर माझा हात धरून उभी होती. शाळेतल्या बाईंनी कार्यक्रमाची यादी पाठवली, त्यात ती नव्हती. विचारलं तर म्हणाल्या, "अय्या, कशी राहिली?" वेणी घालताना ती आता अजिबात चुळबुळ करत नव्हती. मी मुद्दाम केस ओढले. "ऊं" सुद्धा नाही.

"चिमणे, दुखलं का गं?"

"आले, आई," ती म्हणाली. आवाज शेजारच्या खोलीतून यावा तसा होता.

शनिवारी मी तिला घेऊन नांदेडची एसटी पकडली.

नजीरभाईंनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं होतं, चिडतील. ते फक्त हातातला खडा पुसत राहिले.

"तुमच्या दादीनं, आणखी कुणी, ह्याला कधी काही नाव दिलं होतं का?" मी विचारलं. "काहीही. लाडाचं, शिवीचं. आठवा ना नजीरभाई! एक जरी जुनं नाव सापडलं तरी माझं नाव सुटतं."

"नाव असतं तर गप कशाला सरकवला असता, मॅडम?"

मी मणी त्यांच्यापुढे ठेवला. "मग घासून टाका. पार धूळ करा. माशीच राहिली नाही तर नाव कशाला चिकटून राहील?"

"आन मग जाईल कुठं ते?"

"कुठं म्हणजे? घरी येईल. माझ्या पोरीकडे."

ते मणी बोटांत फिरवत राहिले. "कोन येईल ते सांगता येतं का तुम्हाला?" त्यांनी हळू आवाजात विचारलं. "मला तर सांगता येत न्हाई."

तेव्हा मी ओरडले. काय काय बोलले आठवत नाही, देवाशपथ. तुमचंच दुखणं माझ्या गळ्यात मारलंत, असंही बोलले असेन. नजीरभाईंनी मान खाली घातली आणि चाक सुरू केलं. बानोभाभी पोरीला मागच्या खोलीत घेऊन गेल्या. "दमली बिचारी. दिवाणवर पडू द्या जरा," म्हणाल्या.

७

कहरुबा घासला की वास सुटतो, लोबानासारखा, गोडसर. खोली त्या वासानं भरली. चाकाचा कुर्रर्र आवाज भिंतीतून यायला लागला, मी कानांवर हात ठेवले तरी येत होता. नजीरभाई मधून मधून टमरेलातलं पाणी मण्यावर सोडत होते. मग काडकन् आवाज झाला. मणी भोकाच्या रेघेवर दुभंगला. त्यांनी चाक थांबवलं आणि दोन्ही तुकडे कागदावर ठेवले.

मी भिंग लावून पाहिलं. आत पोकळी होती. माशीच्या आकाराची, पाय, पंख, बारा पेरांची मिशी, सगळ्याचा साचा. जुन्या माश्यांची आत निदान काळी साल तरी राहते. इथं काहीच नव्हतं. आतला भाग पुसून घेतल्यासारखा स्वच्छ होता. बाहेर यायला कुठं चीर नव्हती, आणि आत कुणी नव्हतं.

"सिंधु!" मी ओरडले.

"आले, आई."

मागच्या खोलीतून. स्पष्ट, खणखणीत, माझ्या पोरीचा आवाज. मी जमिनीवर बसले आणि ओक्साबोक्शी रडले, हसत हसत. नजीरभाईंच्या पायाला हात लावायला गेले, तर ते मागे सरकले. ते माझ्याकडे बघतच नव्हते. बानोभाभी मधल्या दारात येऊन उभ्या होत्या, पदर तोंडावर.

"काय झालं, भाभी?"

"पोरगी तर झोपून हाय, मॅडम," त्या म्हणाल्या. "मी तिच्या तोंडाकडंच बघून राहिले होते. व्हट हलले न्हाईत तिचे."

झोपेत बोलली असेल. पोरं बोलतात. मी तसंच म्हटलं त्यांना. तुकडे कागदात गुंडाळून घेतले, पोरीला उचललं आणि निघाले.

एसटीत लोहा गाव येईपर्यंत ती माझ्या मांडीवर झोपली होती. गाडी थांबली तेव्हा उठली, खिडकीशी सरळ बसली. मी चिक्की घ्यायला वाकले, पैसे दिले, वळून पाहिलं. तिनं डावा हात मनगटात दुमडला होता. डावी वेणी त्या दुमडीत धरून ती मुळापासून टोकापर्यंत ओढत होती, सावकाश. टोक आलं की परत मुळापासून. मग उजवी.

"चिमणे," मी म्हटलं.

ती बाहेर बघत राहिली.

"चिमणे. बाळा. ए राणी, इकडं बघ ना आईकडं."

वेणी ओढत राहिली.

मला ते नाव घ्यायचं नव्हतं. अहमदपूर येईपर्यंत मी घेतलं नाही. मग घेतलं, अगदी ओठातल्या ओठात. गाडीच्या घरघरीत माझं मलाही ऐकू गेलं नाही.

तिची फक्त मान वळली. खांदे होते तिथंच राहिले. "आले, आई," ती म्हणाली.

८

आता सगळं छान आहे. विचारा कुणालाही. शाळेत हजेरीला पहिली ओ तिची. वह्यांवर नाव सुरेख अक्षरात, प्रत्येक पानावर, कधी कधी एकाच पानावर पुन्हा पुन्हा. व्यंकटी आले, हाक मारली, ती लगेच आली. "बघ, म्हटलं होतं ना मी," असं मला म्हणाले, आणि पोरीला खांद्यावर घेऊन गंजगोलाईच्या बाजारात फिरवून आणलं. त्यांचं सुख मला मोडवलं नाही.

वेण्या ती स्वतःच घालते. मी सकाळी कंगवा घेऊन बसते, सात मिनिटं. मग उठते.

नाव नमुन्याचं असतं. नावाला ओ देतो तो नमुना. अकरा वर्षं मी हे पोरांकडून घोकून घेतलं, तेव्हा मला एवढं कळायला हवं होतं. महिनाभर मी देवाकडे काय मागितलं? तिनं नावाला ओ द्यावी. ती देते. म्हणून मी आता तिला हाकच मारत नाही.

दुसरी हाक मात्र मारते. ती घरात नसली की खोल्याखोल्यांतून फिरते, पलंगाखाली वाकते, कपाट उघडते. "चिमणे." येडी झालीस का, असं मीच मला म्हणते, आणि पुढच्या खोलीत जाते.

परवा मंगळवारी, ती शाळेत असताना, मी कागदाची पुडी सोडली. मण्याचे दोन्ही तुकडे एकमेकांवर ठेवले, नीट जुळले. तळहातावर घेऊन तोंडाजवळ धरले.

"चिमणे."

"आले, आई."

इतकं लांबून, इतकं बारीक. पण तिचंच. तोंडात रिबन धरून बोलल्यासारखं. मी तुकडे उघडले, भिंग लावलं, मग कॉलेजात नेऊन मायक्रोस्कोपखाली तासभर पाहिलं. पोकळी स्वच्छ आहे, आत काही नाही. तुकडे मिटले की मात्र ती असते.

तेव्हापासून रोज दुपारी दोन ते पाच मी घरी बसून तेच करते. हाक मारते. ती लगेच म्हणते, "आले." लहानपणापासूनचं वळण आहे ते, तिला दुसरं काही सांगता येत नाही. मी विचारते, कुठं आहेस गं, अंधार आहे का, दुखतंय का? ती म्हणते, "आले, आई."

रोज म्हणते. मी दाराकडे बघत बसते, आणि पाच वाजता सिंधु शाळेतून येते.